पासलीला क्षमा पोचवायला गेलो, त्याची हकीकत

क्षमा या विषयावर मी चांगला बोलतो. हे मी स्वतःच सांगतोय म्हणून हसू नका. पुण्यातल्या चार-सहा मंडळ्यांमधले (म्हणजे चर्चमधले) लोकही हेच सांगतील. आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्ष देण्याची पद्धत आहे (उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं). माझी साक्ष अशी : काही वर्षांपूर्वी महामार्गावर शिवऱ्याजवळ एका टेम्पोनं माझ्या बायकोला, एस्तेरला, उडवलं. ड्रायव्हर पळून गेला. तिचा पाय कायमचा अधू झाला. माझ्या मनात द्वेषाचा वणवा पेटला. आणि मग एका पहाटे, गुडघ्यांवर असताना, मी त्या माणसाला क्षमा केली. 'गुडघ्यांवर' म्हणताना मी आवाज खाली आणतो आणि चष्मा काढून पुसतो. बायका पदर डोळ्यांना लावतात, मागच्या बाकांवरून "आमेन" येतं. चष्मा स्वच्छच असतो.

यात एकच बारीकशी अडचण होती. त्या माणसाला मी कधी भेटलोच नव्हतो. पुढं तो सापडला, पण कोर्टाचं सगळं वकिलानं पाहिलं. क्षमा केली ती माझ्या बेडरूममध्ये, त्याच्या गैरहजेरीत, आणि तिची खबर त्याला सोडून सगळ्या पुण्याला होती. शिवाय रस्त्यात टेम्पो आडवा आला की माझ्या तोंडून जे शब्द निघतात, ते उपासना-संगीतात (आमच्या गीतांच्या पुस्तकात) सापडायचे नाहीत.

तर एक पाळकसाहेब आहेत, त्यांच्या मंडळीत 'क्षमा आणि मनाचं बरेपण' असं शिबिर ठरलं. मला बोलावणं आलं, त्यात नवल नाही. पण फोनवर ते म्हणाले, "थोरातसाहेब, या वेळी त्या ड्रायव्हरलाच स्टेजवर आणलंत तर? तुम्ही दोघांनी मिठी मारली की लोकांना केवढा आशीर्वाद होईल!" मला ते दृश्य लगेच दिसलं. त्यात मी मध्यभागी होतो. त्याच संध्याकाळी मी ड्रायव्हरसाठी एक पांढरा शर्ट विकत आणला. माप माहीत नव्हतं. गुन्हेगार साधारण किडकिडीत असतात अशा समजुतीनं मध्यम आणला.

"मी पण येणार," एस्तेर म्हणाली.

"अगं, तुझा पाय. रस्ता घाटाचा, खड्ड्यांचा."

"पाय माझाच आहे. आणि मला त्याला एक विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"ते त्यालाच विचारीन."

एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मागच्या सीटवर शर्ट, पाण्याच्या बाटल्या, एस्तेरची काठी आणि माझे पॉलिश केलेले बूट. नाही, बूट पायातच होते. क्षमा करायला जाताना चपला बऱ्या दिसत नाहीत. मी गाडी फार जपून चालवतो. मागून येणाऱ्यांचं मत वेगळं असतं आणि ते हॉर्न वाजवून कळवतात. कात्रजचा बोगदा मागे पडला, टोलनाका गेला, आणि एस्तेर म्हणाली, "शिवऱ्याला थांबवा."

मला थांबायचं नव्हतं. पण ती 'थांबवा' म्हणाली की मी थांबवतो, एवढं तरी लग्नात शिकलोय. रस्त्याच्या कडेला तेच हॉटेल होतं, फक्त पाटी नवी. साक्षीत मी म्हणतो, "अपघात झाला तेव्हा मी काही अंतरावर होतो." खरं म्हणजे मी या हॉटेलात दुसरी मिसळ खात होतो आणि जादा रस्सा मागत होतो. एस्तेरचं खाऊन झालं होतं, म्हणून ती पलीकडच्या गाड्यावर कलिंगड बघायला रस्ता ओलांडत होती. मी सगळ्यात शेवटी पोचलो, हात पुसत.

ती काठी टेकत कडेला जाऊन उभी राहिली. गाड्या सुसाट जात होत्या, तिचा पदर उडत होता. "इथं पडले होते," ती म्हणाली. "आणि तो तिथं थांबला होता. गाडी थांबवून वळून माझ्याकडं बघितलं त्यानं. मग गेला."

झालं, परत सुरू, असं माझ्या मनात आलं. हे ती हॉस्पिटलमध्ये असल्यापासून सांगत होती. मी तिला तेव्हापासून समजावत होतो, की तुझ्या डोक्याला मार होता, तू शुद्धीत नव्हतीस, तुला भास झाला. मी सांगितलं, माझ्या बहिणीनं सांगितलं, भेटायला आलेल्या मंडळीतल्या शहाण्या लोकांनी सांगितलं. हळूहळू तिनं बोलणं सोडलं. पण आत कुठंतरी ते तसंच होतं, आणि तिला ते एकदा कुणाकडून तरी खरं करून घ्यायचं होतं, हे मला त्या कडेला उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं. कळलं, पण आवडलं नाही. कारण चुकून धक्का मारणाऱ्याला माफ करणं सोपं असतं हो. बघून निघून गेलेल्याला माफ करायचं तर मला सगळी साक्ष नव्यानं लिहावी लागली असती.

"एस्तेर, तो भास होता," मी म्हणालो. "निदान आज तरी हे काढू नकोस. तो बिचारा घाबरून जाईल."

"आज तो बिचारा झाला होय?" ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. हॉटेलातला माणूस दारात येऊन ओरडला, "काका, मिसळ देऊ का? रस्सा झनझनीत हाय!" मी मान खाली घालून गाडीत शिरलो.

माझ्याकडं पत्ता होता तो टेम्पोमालकाचा, भोरचा. कापूरहोळला वळलो. भोर गाव मला आवडलं. नदी, पूल, अरुंद बाजारपेठ, आणि शनिवारची सुस्तावलेली दुकानं. एसटी स्टँडजवळ मालकाचं पेंडीचं दुकान (गुरांच्या खाद्याचं). मालक पोत्यावर बसून मोबाईल बघत होते.

"सोपान? त्यानं तर गाडी सोडली की. त्या ॲक्सिडेंटनंतर स्टेरिंगला हात म्हनून लावला न्हाई. पासलीला असतो, वेल्ह्याच्या पुढं. घरची भातशेती करतो. पर तुमी कोन? इन्शुरन्सवाले का?"

"नाही. मी त्यांना क्षमा करायला आलोय."

मालकांनी मोबाईल खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, एस्तेरच्या काठीकडं बघितलं, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. म्हणजे, असं मला वाटलं.

"पर साहेब, केस तर मिटली ना?"

"मिटली."

"मग परत कशाला उकरताय?"

"उकरत नाही. क्षमा करायचीय."

"आसं व्हय," ते म्हणाले आणि जरा पुढं वाकले. "म्हंजे त्याची सही लागंल का कशावर?"

एस्तेर तोंडाला पदर लावून हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. मालक सोपानला फोन लावत होते, मी हात धरून त्यांना थांबवलं. मला त्याला चकित करायचं होतं. क्षमा कशी, अचानक यायला हवी. मालकांनी चहा पाजला, खारी दिली आणि निरोप देताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "गरीब मानूस हाय. जास्त तानू नका."

भोरहून परत महामार्गाला आलो, नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. मार्गासनीच्या पुढं एका वळणावर एस्तेर म्हणाली, "विचारा की कुणाला तरी." मी म्हणालो, मला कळतं. ती म्हणाली, "तुम्ही कधीच कुणाला विचारत नाही." मी आत्मविश्वासानं डावीकडं वळलो. पुढं रस्ता छान होता, धरणाचं पाणी दिसलं, झाडी आली, आणि मग रस्ता संपला. समोर राजगड उभा. आम्ही गुंजवण्याला पोचलो होतो, जिथून पुढं फक्त गडावर जाता येतं.

पाठीवर पिशव्या अडकवलेली पोरं भराभर वर चालली होती. एका घराच्या पडवीत जेवण मिळतं अशी पाटी होती. आत चुलीपुढं एक वयस्कर बाई होत्या, त्यांना सगळे हिरामावशी म्हणत होते. त्यांनी माझे बूट पाहिले.

"गडावर जायचं? ह्या बुटांवर?"

"नाही मावशी, पासलीला जायचंय. चुकलो."

"लई चुकलात," त्या म्हणाल्या. "बसा. भाकरी खावा आन् मग जावा."

पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि गाडग्यातलं ताक. तांदळाची भाकरी ऊन असतानाच खावी. गार झाली की चिवट होते, हे मला मावशींनी दोनदा सांगितलं, कारण मी बोलत बसलो होतो. शिबिरात सांगायला एखादा दाखला मिळावा म्हणून मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही कधी कुणाला क्षमा केलीय का?"

"आमचं चांगलं रान धरनात ग्येलं," त्या म्हणाल्या. "आता कुनाला माफ करू? पान्याला?"

हा दाखला माझ्या कामाचा नव्हता. मी ठेच्याकडं वळलो आणि तिथं माझा घात झाला. उचकी लागली ती थांबेना. मी उचक्या देत असताना मावशी एस्तेरच्या शेजारी येऊन बसल्या.

"पायाला काय झालं, बाई?"

"टेम्पोनं उडवलं."

"मग त्यो थांबला का पळाला?"

"थांबला," एस्तेर म्हणाली. "माझ्याकडं बघितलं आणि मग पळाला."

मला मध्ये बोलायचं होतं, की डोक्याला मार होता वगैरे. पण उचकीतून फक्त "डो... डो..." एवढंच निघालं.

"आगं बाई, बगून ग्येला!" मावशींनी कपाळाला हात लावला. "मग पायापरीस त्येच जास्त दुखत आसंल."

एस्तेरनं ताकाचा पेला खाली ठेवला आणि मावशींकडं बघत राहिली. मी पाणी प्यायलो. मावशींनी पाठीत एक जोरदार थाप दिली आणि उचकी थांबली, पण तोवर माझी बोलायची वेळ निघून गेली होती.

वेल्हं आलं. तालुक्याला आता कागदावर राजगड म्हणतात, पण एसटीच्या कंडक्टरपासून चहावाल्यापर्यंत सगळे वेल्हंच म्हणत होते. तोरणा डोक्यावर ठेवून रस्ता पश्चिमेकडं डोंगरात शिरतो. एप्रिलमध्ये ही भातखाचरं रिकामी, पिवळी, भेगाळलेली असतात. जागोजागी धूर निघत होता. ते राब भाजणं (रोप टाकायच्या वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून तो जाळायचा, म्हणजे पावसाळ्यात रोप जोमानं येतं). गाडीत धुराचा वास भरला. मी गाडी चालवता चालवता माझं वाक्य घोकत होतो : 'सोपानराव, मी तुम्हाला क्षमा केली आहे.' मग 'पूर्णपणे' घालायचं का नाही, यावर बराच विचार केला. एस्तेर खिडकीबाहेर बघत होती.

पासलीत पहिल्याच माणसानं घर दाखवलं. अंगणात एक बाई चिंचा फोडत बसली होती. ती सोपानची बायको, सुमन. "ते खाली राबावर हाईत," ती म्हणाली. "हाक मारू का?"

"नको, मीच जातो." माझ्या मनातल्या दृश्यात मी त्याच्याकडं चालत जायचो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचो. एस्तेर अंगणात बाजेवर बसली. मी शर्टाचा पुडा घेऊन खाचरांच्या बांधावरून निघालो. पॉलिश केलेले बूट वाळल्या बांधावर काय करतात ते मला माहीत नव्हतं. खाली एक काळासावळा, चांगला आडदांड माणूस हिरव्या फांदीनं जाळाच्या कडा झोडत होता. मी हाक मारायला तोंड उघडलं, डावा बूट सटकला, आणि मी बांधावरून घसरत सरळ विझलेल्या राबात जाऊन बसलो. राख अजून कोमट होती.

"अवं साहेब!" तो फांदी टाकून धावला. "भाजलं का? लागलं का?" मला काखेत धरून उभं केलं आणि माझी पँट मागून झटकायला लागला. तर हे असं झालं. खांद्यावर हात ठेवायचा तो राहिला बाजूला, आणि ज्याला क्षमा करायची तो माझं बूड झटकत होता.

"सोपान तुम्हीच का?"

"व्हय. तुमी?"

मी नाव सांगितलं. त्याचा झटकणारा हात थांबला. धूर आमच्या दोघांच्या मधून जात होता. मग त्यानं विचारलं, "बाई कशा हाईत?"

"वर आल्यात. तुमच्या अंगणात बसल्यात."

तो चढ चढताना दोनदा थांबला. मला वाटलं, दम लागला असेल.

अंगणात आल्यावर त्यानं एस्तेरला लांबूनच हात जोडले आणि नजर खाली घातली. सुमननं पाणी दिलं, चहा टाकला. मी राखेच्या पँटीत उभा राहिलो. बसून क्षमा करता येत नाही, निदान मला तरी. "सोपानराव," मी म्हणालो, "मी तुम्हाला पूर्णपणे क्षमा केली आहे." पुढचंही सगळं बोललो, पहाट, गुडघे, द्वेषाचा वणवा. चष्मासुद्धा काढला. सोपाननं खाली वाकून माझे पाय धरले. त्याचे खांदे हलत होते. माझा ऊर भरून आला आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, याचा फोटो कुणी काढत नाही याचं वाईट वाटलं.

मग मी त्याला उठवलं, शर्ट दिला आणि रविवारच्या शिबिराचं सांगितलं. स्टेज, मिठी, चार शब्द. शर्ट त्याच्या एका बाहीलाही पुरला नसता. तो शर्टाकडं बघत राहिला. "तुमी म्हनाल तसं, साहेब," तो म्हणाला. "तुमी म्हनाल तिथं यीन. काय म्हनाल ते बोलंन."

"थांबा," एस्तेर म्हणाली.

ती बाजेवरून उठली. काठी न घेता उठली.

"अहो, तुम्ही यांना क्षमा केलीत. कशाची केलीत?"

"म्हणजे... तुझ्या पायाची."

"पाय कुणाचा?"

मी पँटीवरची राख झटकली.

"इतकी वर्षं सगळीकडं सांगत फिरलात. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. मी केलीय की नाही, हे एकदा तरी विचारलंत? मी नाही केली अजून. मला कुणी विचारलंच नाही." ती सोपानकडं वळली. "मला एकच विचारायचंय. खरं सांगा. तुम्ही थांबला होतात का? माझ्याकडं बघितलं होतंत का?"

सोपाननं माझ्याकडं पाहिलं. आता लक्षात येतं की मी त्या वेळी मान हलवत होतो, 'नाही म्हण' अशी. मग त्यानं सुमनकडं पाहिलं. सुमन हातात चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"व्हय, काकू," तो म्हणाला. "थांबलो हुतो. बगितलं म्या. तुमी हात वर केलाता."

एस्तेर मटकन खाली बसली. "हो," ती म्हणाली. "हात वर केला होता. हात वर केला होता मी."

हाताचं मला माहीत नव्हतं. तिनं ते कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगू लागली तेव्हा मी 'भास' म्हणून तिथंच थांबवलं असेल. ती रस्त्यात पडून हात वर करत होती, आणि मी तिला इतकी वर्षं सांगत होतो की तसं काही झालंच नाही.

"दार उघडलं हुतं म्या," सोपान बोलत होता. "येक पाय खाली टाकला. तेवढ्यात हाटेलातनं मानसं पळत आली. मारत्याल म्हनून भ्यालो. पाय वर घ्येतला आन् गाडी काडली."

"मला म्हनला हुतात, दिसलंच न्हाई!" सुमन ओरडली.

"तुला काय तोंडानं सांगू?"

मग एस्तेर रडायला लागली. रडता रडता तिला राग आला, आणि मग जे काय ती बोलली! आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा हा आवाज मी ऐकला नव्हता. "मेले असते मी! एवढा धिप्पाड गडी, एक हात नाही देता आला? मी काय मांजर होते रस्त्यावरचं? वेडी ठरवलं हो मला सगळ्यांनी! माझं मलाच वाटायला लागलं, की आपलं डोकं फिरलंय!" सोपान समोर मान खाली घालून उभा होता. एकदाही 'पण' म्हणाला नाही. ती 'सगळ्यांनी' म्हणाली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

बोलून बोलून ती थकली. सुमन कप खाली ठेवून तिच्याशेजारी बसली आणि तिचा दुखरा पाय मांडीवर घेऊन नुसती दाबत राहिली. दोघी रडत होत्या. मी आणि सोपान दोघंही नको तिथं उभ्या असलेल्या गुरांसारखे उभे होतो.

थोड्या वेळानं एस्तेरनं डोळे पुसले. "मी प्रार्थना करते," ती म्हणाली. "तुम्हाला चालेल ना?" सुमननं डोक्यावर पदर घेतला. मीही डोळे मिटले. सवयीनं माझ्या तोंडात शब्द आले होते, पण तिनं मला बोलूच दिलं नाही.

"प्रभू, आज मला खरं ऐकायला मिळालं. यांनी खरं सांगितलं, त्याबद्दल तुझे उपकार मानते. यांना माफ करायला मला अजून जड जातंय. थोडं झालंय. उरलेलं तू माझ्याकडून करून घे. आमेन."

एवढीच प्रार्थना. आवाज खाली नाही, वर नाही. चष्म्याला हात लावावा असं त्या वेळी मला वाटलं नाही. डोळेच पुसावे लागले.

निघताना सुमन ओटी भरायला आली. कुंकवाचा करंडा पुढं केला आणि एस्तेरच्या मोकळ्या कपाळाकडं बघून थबकली. "कुंकू आम्ही नाही लावत," एस्तेर म्हणाली, "पण तांदूळ घाल." आणि पदर पसरला. घरचा तांदूळ होता, वास दरवळला. सोपान गाडीपर्यंत आला. "मग रविवारी कुटं येऊ, साहेब?"

"कुठंही यायचं नाही तुम्ही," एस्तेर म्हणाली. "तुमचा राब भाजा. आणि बायकोशी खरं बोला." मग म्हणाली, "पावसाळ्यानंतर आम्ही परत येऊ."

वेल्ह्यापर्यंत गाडीत तांदळाचा आणि माझ्या पँटीतल्या राखेचा वास. रेंज आल्याबरोबर पाळकसाहेबांचा फोन आला. मी म्हणालो, ड्रायव्हर येणार नाहीत, आणि मीही येणार नाही. ते म्हणाले, बरं नाही का? मी म्हणालो, नाही, बरं नाही. आणि फोन ठेवला.

मार्गासनीच्या अलीकडं, सूर्य डोंगराला टेकला होता तेव्हा, एस्तेर एकदम म्हणाली, "झालं."

"काय झालं?"

"त्याला माफ करून झालं. आत्ता. मघाशी वाटलं होतं, बरेच दिवस लागतील." तिनं मान मागं टेकली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटल्यासारखं दिसलं. इतकी वर्षं तिचा चेहरा आवळलेला होता, हे मला तो आवळलेला नसताना कळलं.

मी एक खड्डा चुकवला. मग विचारलं, "आणि माझं?"

"तुमचं अजून सुरू कुठं केलंय?" ती म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली. मागचे दोघं-तिघं हॉर्न वाजवत गेले. क्षमेवर मी तासभर बोलू शकतो, पण ती मागायची कशी याचं एक वाक्य मला पाठ नव्हतं. जे सुचलं ते असं, "तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. तुझं खरं होतं. चुकलं माझं, एस्तेर." याला ना धड सुरुवात, ना शेवट. मागच्या बाकावरून आमेनही आलं नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "चला आता."

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. सोपान इतकी वर्षं कशात राहत होता, ते मला थोडं थोडं कळतंय. फरक एवढाच की त्याचा राब तरी भाजून होतो. मला साक्षीची बोलावणी येतात, मी नको म्हणतो. लोकांना वाटतं, मी नम्र झालो. तेही माझ्या नावावर फुकटच जमा होतंय.

काल दुपारी चहा घेताना मी धीर करून एस्तेरला विचारलं, "रोज विचारतो म्हणून चिडू नकोस, पण झालं का?"

तिनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"नाही अजून," ती म्हणाली. "पण विचारत जा. विचारलेलं बरं वाटतं."